गेम शिकायला उशीर झालेला नाही

पन्नाशीत कुणी पेटीचा क्लास लावला तर घरात कौतुक होते. साठीत कुणी पहिल्यांदा हरिश्चंद्रगड चढले तर सोसायटीच्या ग्रुपवर फोटो फिरतात, अभिनंदनाचे फोन येतात. त्याच वयाच्या माणसाने कॉम्प्युटरवर गेम खेळायला शिकायचे आहे असे सांगितले, की मुलांना हसू येते, घरातली मोठी माणसे काळजीत पडतात आणि मित्र विषय बदलतात. ‘आता या वयात?’ एवढे विचारून गप्पा संपतात. विचारणाऱ्याला बहुतेक वेळा उत्तर नकोच असते.

ते द्यायलाच हवे, कारण या प्रश्नाच्या पोटात पाच वेगवेगळे आक्षेप दडलेले आहेत. गेम हा पोरखेळ आहे. प्रौढांचे हात आणि डोळे त्याला पुरे पडत नाहीत. त्यासाठी महागडे यंत्र लागते. त्यातून व्यसन आणि जुगार लागतो. आणि जबाबदार माणसाकडे असल्या गोष्टींना वेळ नसावा. यांतल्या काहींत तथ्य आहे आणि ते मान्य करूनच पुढे जायला हवे. पण पाचही एकत्र बांधून प्रौढाने या वाटेला जाऊच नये असा जो निष्कर्ष काढला जातो, तो चुकीचा आहे. नवशिक्या प्रौढाच्या हातात पहिलाच गेम चुकीचा दिला जातो; तो अडखळतो, आणि त्याचे खापर वयावर फोडले जाते. खरी अडचण इथे आहे.

आधी पोरखेळाचे पाहू. कॉम्प्युटर गेमचा इतिहास मुलांच्या खोलीत सुरू झालेला नाही. ‘स्पेसवॉर’ हा अगदी सुरुवातीचा गेम १९६२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये स्टीव्ह रसेल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पीडीपी-१ या यंत्रावर उभा केला. ‘टेट्रिस’ १९८४ मध्ये मॉस्कोत, सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात जन्मला. तो रचणारा अलेक्सी पाझितनोव्ह तेव्हा २९ वर्षांचा नोकरदार संशोधक होता आणि त्याचे पहिले खेळाडू त्याचे सहकारीच होते. १९९३ मध्ये रँड आणि रॉबिन मिलर या भावांनी ‘मिस्ट’ आणला. त्यात शत्रू नाही, बंदूक नाही, धावणारे घड्याळ नाही; एका निर्मनुष्य बेटावर हिंडायचे, तिथल्या वह्या वाचायच्या, यंत्रांची कोडी सोडवायची. हा संथ, वाचायला लावणारा गेम पुढे कित्येक वर्षे पीसीवरचा सर्वाधिक खपाचा गेम होता. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने २०१२ मध्ये चौदा गेम आपल्या संग्रहात घेतले, त्यांत ‘टेट्रिस’ आणि ‘मिस्ट’ दोन्ही आहेत.

विषयांचे म्हणाल, तर लुकास पोप याचा २०१३ चा ‘पेपर्स, प्लीज’ पाहावा. खेळणारा एका काल्पनिक हुकूमशाही देशाच्या सीमेवरचा तपासनीस असतो. कागदपत्रे तपासायची, शिक्का मारायचा. कागद अपुरे असलेल्या बाईला दया दाखवून आत सोडले तर दंड बसू शकतो, आणि दंड बसला तर संध्याकाळी जेवण किंवा आजारी मुलाचे औषध यांतले काहीतरी सुटते. शिक्के दहा वर्षांचा मुलगाही मारील. पण महिनाअखेरीचा हिशेब ज्याने घातला आहे, त्यालाच तो गेम खऱ्या अर्थाने बोचतो. टोरांटोत तयार झालेला ‘वेन्बा’ (२०२३) हा १९८० च्या दशकात कॅनडात गेलेल्या तमिळ जोडप्याचा गेम आहे. बायकोला तिच्या आईने दिलेली पाककृतींची वही फाटली आहे, पुसट झाली आहे. पदार्थ करता करता ती पुन्हा जुळवायची. मुलगा मोठा होतो, भाषेपासून दुरावतो. न्यू जर्सीत किंवा टोरांटोत नातवंडांशी मराठीत बोलू पाहणाऱ्या आजीला हा गेम कुणी समजावून सांगायची गरज नाही.

महाराष्ट्रात तर प्रौढांनी खेळण्याची लाज कधीच नव्हती. सावंतवाडीत गंजिफाचे हाताने रंगवलेले पत्ते आजही तयार होतात. ते मोठ्यांसाठीच होते. सारीपाट वाड्यांत मांडला जाई. कोकणात गणपतीची रात्र जागवताना पत्त्यांचे डाव पहाटेपर्यंत चालतात आणि त्यात आजोबा, काका, जावई सगळे असतात. ब्रिज खेळणाऱ्या निवृत्त प्राध्यापकाला कुणी पोरकट म्हणत नाही. खेळ पडद्यावर गेला एवढ्यानेच तो लहान मुलांचा कसा होतो, हे आक्षेपकांनी सांगायला हवे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, कारण त्याच्या बाजूने पुरावाही मांडता येतो. कॅनडातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये ‘स्टारक्राफ्ट २’ या वेगवान युद्धगेमच्या ३,३०५ खेळाडूंच्या नोंदी तपासल्या. खेळाडूंचे वय १६ ते ४४ होते. समोरचे दृश्य बदलल्यावर पहिली हालचाल करायला लागणारा वेळ चोविसाव्या वर्षानंतर वाढत जातो, असे त्यांना दिसले. ‘चोविशीनंतर उतरण’ अशा धाटणीच्या बातम्या त्यावरून झाल्या आणि गेम हा तरुणांचाच खेळ आहे या समजुतीला विज्ञानाचा शिक्का मिळाला.

पण त्याच अभ्यासाचा उरलेला भागही वाचायला हवा. मोजलेला फरक सेकंदाच्या अंशांतला आहे, आणि तो अटीतटीची स्पर्धा खेळणाऱ्यांमधला. शिवाय वयाने मोठे खेळाडू सोप्या डावपेचांचा आणि कीबोर्डवरच्या शॉर्टकटचा आधार घेऊन ती तूट भरून काढताना दिसले. म्हणजे ज्या गेममध्ये वेगच सर्वस्व आहे, तिथेही अनुभव कामाला येतो. आणि मुळात बहुसंख्य गेममध्ये वेग सर्वस्व नसतोच. ‘सिव्हिलायझेशन’ या १९९१ पासून चालत आलेल्या मालिकेत बुद्धिबळासारखी आळीपाळीने खेळी करायची असते. खेळी करण्याआधी चहा करून आले तरी संगणक थांबून राहतो. पन्नाशीच्या माणसाला या गेमसाठी सेकंदाचा कितवा भाग कमी पडणार?

उशिरा सुरुवात केलेल्यांची उदाहरणे शोधायलाही लांब जावे लागत नाही. जपानच्या हामाको मोरी १९३० मध्ये जन्मल्या आणि १९८१ मध्ये, म्हणजे पन्नाशी उलटल्यावर, त्यांनी पहिला व्हिडिओ गेम घेतला. नव्वदीत पोचल्यावर सर्वांत वयस्कर गेमिंग यूट्यूबर म्हणून गिनीज बुकने त्यांची नोंद केली. अमेरिकेच्या शर्ली करी १९३६ च्या. त्यांच्या मुलाने त्यांना नव्वदच्या दशकात ‘सिव्हिलायझेशन २’ शिकवला. पुढे ‘स्कायरिम’ या प्रचंड मोठ्या साहसगेममधल्या त्यांच्या भटकंतीचे व्हिडिओ इतके गाजले, की त्या गेममालिकेच्या पुढच्या भागात त्यांच्यावरून एक पात्र घेण्याचे कंपनीने जाहीर केले. स्वीडनमधल्या ज्येष्ठांचा ‘सिल्व्हर स्नायपर्स’ हा संघ २०१७ पासून ‘काउंटर-स्ट्राइक’ खेळला, तर जपानच्या अकितामध्ये २०२१ मध्ये साठीपुढच्या खेळाडूंचा ‘मातागी स्नायपर्स’ उभा राहिला. हे दोन्ही संघ वेगाच्या गेममध्ये उतरले, जिथे म्हाताऱ्यांनी जाऊच नये असे सांगितले जाते.

आक्षेपकांच्या स्मरणातून एक गोष्ट निसटते. महाराष्ट्रातली प्रौढ माणसे कॉम्प्युटर शिकू शकतात, हे आधीच सिद्ध झालेले आहे. राज्य सरकारच्या नोकरीत एमएस-सीआयटी आवश्यक झाली तेव्हा पस्तिशी-पंचेचाळिशीतले शिक्षक, तलाठी, कारकून गावोगावच्या केंद्रांत जाऊन माउस धरायला शिकले. त्याआधी बँकांत संगणक आले तेव्हा खातेवहीवर आयुष्य काढलेल्या कारकुनांनी पडद्यावर काम करायला घेतले. त्या पिढीतल्या अनेकांचा हात माउसवर बसला तो ‘सॉलिटेअर’मुळे. मायक्रोसॉफ्टने १९९० मध्ये विंडोज ३.० बरोबर तो दिला होता, आणि पत्ता माउसने धरून ओढायचा व हव्या जागी सोडायचा ही सवय लोकांना त्यातून सहज लागली. ऑफिसात दुपारी ‘सॉलिटेअर’ लावणारे ते सगळे तेव्हाच गेम खेळत होते. फक्त त्याला कुणी गेमिंग म्हणत नव्हते.

मग आजचा प्रौढ नवशिका अडतो कुठे? बहुतेक घरांत काय होते ते पाहा. आई किंवा बाबा म्हणतात, मलाही दाखव. मुलगा उत्साहाने स्वतःचा आवडता गेम लावतो: ‘काउंटर-स्ट्राइक’, ‘व्हॅलोरंट’ किंवा ‘जीटीए’. आई माउस हलवते तर पडद्यावरचा माणूस आकाशाकडे बघत राहतो. चालायला जाते तर भिंतीला धडकतो. वीस सेकंदांत कुणीतरी गोळी घालते. मुलगा ‘अगं, तसं नाही’ म्हणत कीबोर्ड आपल्याकडे ओढतो, आणि आई उठते ती परत बसत नाही. दोघांच्याही मनात एकच निदान पक्के होते: वय झाले.

निदान चुकले आहे. आयुष्यात पहिल्यांदा लोकलने जाणाऱ्याला संध्याकाळी साडेसहाला दादरहून विरार फास्टमध्ये चढायला लावले आणि तो फलाटावरच राहिला, तर त्याला प्रवास जमत नाही असे कुणी म्हणणार नाही.

त्या वीस सेकंदांत आईकडून काय अपेक्षित होते, याचा हिशेब मांडला की प्रकरण स्पष्ट होते. डाव्या हाताची बोटे डब्ल्यू, ए, एस आणि डी या चार कळांवर ठेवून पावले टाकायची. उजव्या हाताने माउस सरकवून मान वळवायची. चालण्याची दिशा आणि बघण्याची दिशा वेगळी असू शकते, हे मेंदूने सतत धरून ठेवायचे. कोपऱ्यातला नकाशा, गोळ्यांचा आकडा, उरलेली ताकद यांवर नजर ठेवायची. यांतले काहीही निसर्गदत्त नाही. ही मांडणी ठरावीक काळात, ठरावीक लोकांनी रूढ केली. चार कळा आणि माउस ही जोडी सर्वमान्य होण्यात १९९० च्या दशकातला ‘क्वेक’चा अमेरिकी विजेता डेनिस फाँग याचा मोठा वाटा मानला जातो; त्याआधी कुणी बाणांच्या कळा वापरत, कुणी नुसता कीबोर्ड.

दोन्ही हातांत धरायच्या कंट्रोलरची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. डाव्या काडीने चालायचे आणि उजवीने बघायचे, ही रचना आज जगभरच्या मुलांना श्वासासारखी सवयीची आहे. २००० मध्ये प्लेस्टेशनवर ‘एलियन रेझरेक्शन’ हा भयगेम याच रचनेसह आला, तेव्हा ‘गेमस्पॉट’च्या समीक्षकाने या गेममध्ये सर्वांत भयानक काय असेल तर ही नियंत्रणेच, अशा अर्थाची टीका केली होती. गेम खेळणे हाच ज्याचा व्यवसाय, त्या माणसाला जी गोष्ट पहिल्या भेटीत असह्य वाटली, ती पन्नाशीच्या गृहिणीला पाच मिनिटांत जमली नाही म्हणून तिच्या मेंदूवर शंका घ्यायची? मुलांना ती जमते याचे कारण त्यांनी शेकडो तास, कुणी हसत नसताना, भिंतींना धडकण्यात घालवलेले असतात.

म्हणून क्रम महत्त्वाचा. सुरुवात फक्त माउसने खेळायच्या गेमपासून करावी. न्यूझीलंडच्या डायनोसॉर पोलो क्लबचा ‘मिनी मेट्रो’ (२०१५) हा त्यासाठी अगदी योग्य. स्थानके उगवतात, त्यांना रेषांनी जोडायचे, गर्दी साचू द्यायची नाही. मनात येईल तेव्हा घड्याळ थांबवता येते, आणि शहरांच्या यादीत मुंबईही आहे. ऑस्ट्रेलियात तयार झालेल्या ‘अनपॅकिंग’ (२०२१) मध्ये घर बदललेल्या मुलीचे सामान खोक्यांतून काढून लावायचे. एकेका बदलीबरोबर तिचे शिक्षण, नाती, तुटलेले संसार नुसत्या वस्तूंतून उलगडतात. बदल्यांच्या नोकरीत ज्यांनी संसार बांधले-सोडले आहेत, त्यांना इथे नियम शिकवावे लागत नाहीत.

माउस सरावाचा झाला की ‘स्टारड्यू व्हॅली’. एरिक बरोन या एकाच माणसाने चारेक वर्षे खपून केलेला हा शेतीचा गेम २०१६ मध्ये आला आणि त्याच्या चार कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या आहेत. पडद्यावर वरून दिसणारे गाव, चार दिशांना चालणे, हंगामानुसार पेरणी, शेजाऱ्यांशी ओळखी. चार कळांची सवय इथे न कळत होते. त्यानंतर त्रिमितीत उतरावे, तेही लढाईविना. ‘जर्नी’ हा वाळवंटातून डोंगराकडे जाण्याचा गेम दोन-तीन तासांत संपतो आणि त्यात एक शब्दही वाचावा लागत नाही. मग ‘पोर्टल’ (२००७): प्रयोगशाळेतल्या खोल्या, प्रत्येक खोलीत एकच नवी कल्पना, ती समजल्याशिवाय दार उघडत नाही. शिकवण्याच्या कलेचा इतका नेटका नमुना शालेय पुस्तकांतही क्वचित सापडतो. हा टप्पा ओलांडलेल्या माणसाला मुलाचा ‘काउंटर-स्ट्राइक’ आवडेल की नाही हा त्याच्या रुचीचा प्रश्न उरतो; जमेल की नाही हा उरत नाही.

वयामुळे ज्या अडचणी खरोखर येतात, त्यांवर उपाय आहेत आणि ते सेटिंग्जमध्ये असतात. चाळिशीचा चष्मा लागलेल्याने अक्षरांचा आकार आणि सबटायटल आधी तपासावेत. त्रिमितीत गरगरले तर दृश्याचा कोन वाढवावा, चालताना पडद्याला बसणारे हेलकावे बंद करावेत, खोलीत दिवा लावावा आणि मळमळ सुरू होताच उठावे. मळमळ रेटत बसण्याने सराव होत नाही. ‘सेलेस्ट’ (२०१८) हा अवघड उड्यांचा गेम, पण त्याचा वेग निम्म्यापर्यंत उतरवायची सोय खुद्द निर्मात्यांनी ठेवली आहे. ‘हेडीस’ (२०२०) मध्ये एक पर्याय निवडला की प्रत्येक मृत्यूगणिक खेळाडूला बसणारा मार थोडा कमी होत जातो. ‘द लास्ट ऑफ अस पार्ट २’ मध्ये दृष्टी, श्रवण आणि हालचाल यांच्या मर्यादांसाठी साठहून अधिक सोयी दिल्या होत्या. ‘ईझी’ निवडणे म्हणजे फसवणूक, असे मानणारे काही जुने खेळाडू आहेत. त्यांचे ऐकू नये. निर्मात्याने दिलेली पायरी वापरणाऱ्याला कुणाचीही परवानगी लागत नाही.

तिसरा आक्षेप पैशाचा. रंगीत दिवे चमकवणारा लाख-दीड लाखाचा ‘गेमिंग पीसी’ दुकानदाराला विकायचा असतो. नवशिक्याला त्याची गरज नसते. ‘स्टारड्यू व्हॅली’ची किमान गरज दोन जीबी रॅम आणि पाचशे एमबी जागा एवढी आहे. ‘मिनी मेट्रो’, ‘पेपर्स, प्लीज’, ‘पोर्टल’ हे मुलांच्या ऑनलाइन शाळेसाठी घेतलेल्या साध्या लॅपटॉपवर चालतात. ‘स्टीम’ या दुकानात किमती रुपयांत असतात, वर्षातून अनेकदा सवलती लागतात, आणि गेम घेतल्यापासून चौदा दिवसांत व दोन तासांहून कमी खेळून झालेला असेल तर पैसे परत मागता येतात. नवशिक्यासाठी ही सोय फार मोलाची आहे: नाही आवडले तर परत. सुरुवातीचा खर्च म्हणजे बऱ्याचदा एक बरा माउस. लॅपटॉपच्या टचपॅडवर मात्र शिकायचा प्रयत्न करू नये. तिथे तरबेज खेळाडूही हरतो.

चौथ्या आक्षेपाशी सर्वांत जपून बोलायला हवे, कारण त्यामागे खरी दुःखे आहेत. ऑनलाइन रमी आणि सट्ट्याच्या ॲपवर घरे बुडाली आहेत. पण ते ‘गेमिंग’ आणि ‘स्टारड्यू व्हॅली’ यांना एकाच नावाखाली ठेवणे ही ढिलाई आहे, आणि ती आता कायद्यालाही मान्य नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आणली आणि ई-स्पोर्ट्स व पैसे न लावता खेळायचे गेम त्यांच्यापासून वेगळे काढले. हा भेद संसदेने केला. घरातल्या चर्चेतही तो व्हायला हवा.

व्यसनाचेही तसेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’चा समावेश आहे आणि ते वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. ते नाकारण्याचे कारण नाही. पण त्याची व्याख्या काय सांगते? खेळण्यावरचा ताबा सुटणे, बाकी सगळ्यावर गेमला प्राधान्य मिळत जाणे, नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, आणि साधारणपणे हे बारा महिने चालणे. रात्री जेवणानंतर तासभर ‘सिव्हिलायझेशन’ खेळणारा हिशेबनीस या व्याख्येत बसत नाही. हिंसेच्या आरोपाबाबत अमेरिकी मानसशास्त्रीय संघटनेने २०२० मध्ये स्पष्ट केले, की हिंसक गुन्ह्यांचे कारण गेम आहेत असे म्हणण्याइतका पुरावा नाही. आक्रमक वागण्याशी किरकोळ संबंध दिसतो, हेही तिने त्याच वेळी नोंदवले. दोन्ही गोष्टी मांडल्या की चित्र पूर्ण होते.

सावधगिरी कुठे हवी, ते नेमके सांगता येते. ‘फुकट’ म्हणून मिळणाऱ्या कित्येक मोबाइल गेमचे सगळे गणित खेळाडूला थांबवून पैसे काढण्यावर उभे असते: शक्ती संपली, चार तास थांबा किंवा पैसे भरा, पेटीत काय आहे ते विकत घेतल्यावर कळेल. अशा नशिबाच्या पेट्यांना बेल्जियमच्या नियामकाने २०१८ मध्ये जुगार ठरवले. नवशिक्याने यांच्यापासून दूर राहावे आणि एकदा किंमत मोजून पूर्ण मिळणारे गेम घ्यावेत. इथे प्रौढाची बाजू भक्कम असते. पैसा त्याने कमावलेला असतो, हप्ते आणि व्याज त्याला कळते, छुप्या अटींचा वास त्याला लवकर येतो. बारा वर्षांच्या मुलाकडे हे कवच नसते. गेम मुलांसाठी आहेत, मोठ्यांसाठी नाहीत, असे म्हणणारे नेमके उलटे बोलतात.

गेमच्या बाजूने बोलणाऱ्या काही मित्रांनाही इथे अडवायला हवे. गेममुळे स्मृती वाढते, विसरभोळेपणा टळतो, असे सांगून आजी-आजोबांना गेम विकले जातात. ‘नेचर’मध्ये २०१३ साली आलेल्या एका अभ्यासात ६० ते ८५ वयाच्या लोकांची दोन कामे एकाच वेळी सांभाळण्याची क्षमता सरावाने सुधारलेली दिसली, हे खरे. पण तो गेम संशोधकांनी प्रयोगासाठी मुद्दाम बनवलेला होता. दुकानातल्या कुठल्याही गेमला ते प्रमाणपत्र चिकटवता येत नाही. ‘ल्युमॉसिटी’ या मेंदूच्या व्यायामाच्या ॲपला २०१६ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक यंत्रणेशी वीस लाख डॉलरची तडजोड करावी लागली, ती अशाच निराधार दाव्यांमुळे. आजोबांनी गेम खेळावा तो आनंदासाठी. कादंबरी वाचणाऱ्याला रक्तदाब कमी होतो का, हे कुणी विचारत नाही.

उरतो वेळेचा आक्षेप. ‘सिव्हिलायझेशन’ मध्यरात्र उलटून नेतो, हे खरे आहे. कामाच्या दिवशी गजर लावून बसणे शहाणपणाचे. पण ‘वेन्बा’ एका मराठी नाटकापेक्षा कमी वेळात संपतो, ‘पोर्टल’ चार-पाच संध्याकाळी. मालिकांचे भाग, रील, व्हॉट्सॲपवरचे फॉरवर्ड यांत जाणाऱ्या वेळेचा जाब कुणी मागत नाही, आणि ज्या करमणुकीत विचार करावा लागतो तिचा मात्र मागितला जातो. हा जाब बाईला अधिक कडक विचारला जातो. नव्वदच्या दशकात मध्यमवर्गीय घरात आलेला पहिला कॉम्प्युटर बहुधा मुलाच्या अभ्यासाच्या नावाने आला. ‘डेंजरस डेव्ह’ आणि ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ त्यानेच खेळले, पुढे सायबर कॅफेतही तोच गेला. बहिणीला पाळी क्वचित मिळाली, आईला कधीच नाही. आज पन्नाशी-साठीत पोचलेली ती आई शिकते म्हणते, तेव्हा तिला रिकामटेकडी ठरवण्याआधी तिच्या वाट्याला तेव्हा न आलेले तास मोजावेत.

एक तक्रार मात्र आक्षेपकांनी केलेली नाही आणि ती खरी आहे: गेममध्ये मराठी जवळजवळ नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ आणला, भारतीय पुराणकथांच्या त्या जगाचे कौतुक देशाबाहेरही झाले, पण मराठीत खेळता येईल असा मोठा गेम प्रौढ वाचकाला सहज सापडत नाही. ज्यांना इंग्रजी जड जाते त्यांना त्यामुळे उगीचच कमीपणा वाटतो. मराठी गेम येईपर्यंत ‘जर्नी’, ‘मिनी मेट्रो’, ‘ग्रीस’ असे शब्दांविना कळणारे गेम हाताशी आहेत, आणि सूचना वाचून दाखवणारे कुणी शेजारी बसले तर ‘वेन्बा’ही.

हे शेजारी बसणे महाराष्ट्रात सहज उभे करता येईल. गावोगावी ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, सार्वजनिक वाचनालये आहेत, आणि त्यांतल्या कित्येकांत कॅरम आणि पत्त्यांसाठी टेबल कायमचे मांडलेले असते. त्याच खोलीत एक जुना लॅपटॉप, एक माउस आणि दोन-तीन गेम ठेवावेत. आठवड्यातून एक संध्याकाळ कॉलेजातली दोन मुले यावीत, त्यांना एकच अट घालावी: समोरचा कितीही चुकला तरी माउस हातातून काढून घ्यायचा नाही. खर्च कॅरम बोर्डाच्या बदलीपेक्षा फार जास्त येणार नाही. पुढच्या वार्षिक सभेत कुठल्याही संघाने हा ठराव मांडावा, आणि ‘आता या वयात?’ म्हणणाऱ्या सभासदाला पहिली पाळी द्यावी.